व्हर्नचा दुसरा ओव्हन

व्हर्न हाकोलाने अख्खं आयुष्य काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवण्यात घालवलं. आमच्या रेड पाइनमध्ये बर्फ ऑक्टोबरात सुरू होतो आणि मे महिन्यात कधीतरी स्वतःलाच लाज वाटल्यासारखा थांबतो. एवढे हिवाळे ज्याने आमचे रस्ते मोकळे ठेवले, त्याचं गावाने नाव काढायला हवं. गाव काढतंही, पण बर्फासाठी नाही. "व्हर्न? तो गोळ्यांचा व्हर्न ना?" असं विचारतात.

आमच्याकडे हरणांचा हंगाम पंधरा नोव्हेंबरला उघडतो. त्या दिवशी शाळा बंद, बँक अर्धी बंद आणि दातांचा डॉक्टर झाडावरच्या मचाणावर. घरोघरी बंदुका आहेत आणि घरोघरी बंदुकीबद्दल अक्कल शिकवणारा एक तरी पुरुष आहे. व्हर्नचं वेगळेपण एवढंच, की दुकानातून काडतुसं विकत आणणाऱ्याला तो माणसात धरत नसे. शिसं वितळवून गोळ्या आपल्या हातांनी ओतायच्या, त्यांना रंग द्यायचा, त्या भाजायच्या आणि मग काडतुसाच्या तोंडाशी बसवायच्या, हा त्याचा धर्म. "वाढदिवसाला दुकानातला केक आणल्यासारखं आहे ते," असं तो विकतच्या काडतुसांबद्दल म्हणायचा. म्हणून मार्लीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याच्या वाढदिवसाला मुद्दाम दुकानातला केक आणला होता. त्याने तीन तुकडे खाल्ले.

आता गंमत अशी, की व्हर्नने स्वतः शेवटचं हरीण कधी मारलं हे गावात कुणालाच आठवत नाही. तो मचाणावर जातो, थर्मासमधली कॉफी संपवतो, झोपतो आणि अंधार पडायच्या आत घरी येतो. गोळ्या मात्र दुसऱ्यांसाठी करतो. लग्न असो, मुलाला चर्चमध्ये मोठ्यांत घेण्याचा दृढीकरणाचा विधी असो, कुणी नोकरीतून निवृत्त होवो, व्हर्न जॅमच्या बरणीत गोळ्या भरून, झाकणाला रिबीन बांधून घेऊन येणारच. रंगही चर्चच्या वर्षाप्रमाणे. ईस्टरआधीच्या उपवासात जांभळ्या, ईस्टरला पांढऱ्या, एरवी हिरव्या. आमच्या आधीच्या पाळकसाहेबांना निरोपाच्या वेळी लाल गोळ्यांची बरणी मिळाली होती. ते शाकाहारी होते. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मिठाई नाही हे समजावत बसले.

मी लॉइस राउतिओ. व्हर्न आणि मी शाळेत एका वर्गात होतो आणि आता चर्चच्या स्वयंपाकघराची किल्ली माझ्या गळ्यात असते. माझ्या परवानगीशिवाय तिथे पुरुषाने पाऊल टाकलेलं मला चालत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात या किल्लीचा हात आहे.

व्हर्नचं काम बघायला सुरेख होतं, हे कबूल केलं पाहिजे. टायरवाल्या ड्वेनकडून तो चाकांना लावायची शिशाची जुनी वजनं बादलीतून आणायचा. एकेक वजन पकडीने दाबून बघायचा, कारण हल्ली त्यांत जस्ताची वजनंही असतात, आणि तसलं एखादं भांड्यात पडलं की सगळं शिसं नासतं. मग ते वितळवायचं, त्यात मेणबत्तीचा तुकडा टाकायचा, वर आलेली मळी काढायची आणि पळीने साच्यात ओतायचं. साचा त्याच्या वडिलांचा. लोखंडी, लाकडी मुठींचा, मुठी वडिलांच्या हातांनी काळ्या झालेल्या. साचा उघडला की गोळी टॉवेलवर पडायची. तिच्यावर जराशी सुरकुती दिसली की परत भांड्यात. "सुरकुती चालणार नाही," असं म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

मग रंगकाम. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात गोळ्या टाकायच्या, वर चमचाभर रंगाची पावडर, झाकण लावायचं आणि डबा गरागरा हलवायचा. पावडर आपोआप चिकटते. चिमट्याने एकेक गोळी उचलून ट्रेमध्ये उभी करायची आणि पाव भाजायच्या छोट्या ओव्हनमध्ये भाजायची. बाहेर येते ती कोटाच्या बटणासारखी चकचकीत. त्यातली एक हातोडीने ठेचून तो रंग निघतो का बघायचा. निघत नसे. तेव्हा त्याच्या तोंडावर जे समाधान दिसायचं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आणि मग दवाखान्यात त्याचं रक्त तपासलं.

"तुमच्या रक्तात शिसं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बरंच आहे."

"कसं शक्य आहे?" व्हर्न म्हणाला. "मी तर रंग देतो. रंग दिला की शिसं आत कोंडलं. बाहेर येणार कुठून?"

"रंग द्यायच्या आधी काय करता?"

"वितळवतो."

"कुठे?"

"तळघरात. बाहेर थंडी असते ना."

मार्लीन शेजारच्या खुर्चीत होती. तिचे वडील नळजोडणीचं काम करायचे. जन्मभर पाइपांचे सांधे शिशाने भरले आणि शेवटी शेवटी त्यांना पोटच्या मुलीचं नाव आठवेना. ते शिशानेच झालं असं कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं, पण मार्लीनला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी बांधलेल्या घरातच ती आणि व्हर्न राहतात. दवाखान्यातून आल्यावर तिने व्हर्नला स्वयंपाकघरात बसवलं आणि एकच वाक्य ऐकवलं. "पुन्हा शिसं वितळवलंस तर आपल्यापैकी एकजण या घरातून जाईल." व्हर्नने शब्द दिला. मला ती म्हणाली, "विधवा व्हायची माझी तयारी आहे, लॉइस. वय झालंय, चालायचंच. पण मूर्खपणामुळे विधवा नाही व्हायचं मला."

तिला हा माणूस हवा होता, एवढाच त्याचा अर्थ. हाकोलांच्या घरात असल्या गोष्टी सरळ बोलायची पद्धत नाही.

व्हर्नने तळघर रिकामं केलं. सगळं सामान विकलं म्हणाला. आणि सॉना घ्यायला लागला.

सॉना म्हणजे तापवलेल्या लाकडी खोलीत बसून घाम काढायचा. आमच्याकडे तो सगळेच घेतात, शनिवारी. मार्लीनने तळघरात विजेचा नवा सॉना बसवून घेतला होता, पण व्हर्नला परसातला जुनाच हवा, लाकडांवर तापणारा. आणि आता रोज. "घामावाटे शिसं निघून जातं," असं त्याने जाहीर केलं. रोज संध्याकाळी खांद्यावर टॉवेल टाकून निघायचा, धुराड्यातून धूर यायचा आणि तासाभराने लालबुंद होऊन परत. मार्लीन मला कौतुकाने सांगायची, "काय निग्रह आहे बघ. एक दिवस चुकवत नाही."

निग्रह होताच. भांडं, पळी, साचा आणि डबा सगळं त्याच सॉनाच्या बाकाखाली होतं. शरीरातलं शिसं घालवायच्या नावाखाली हा माणूस दार-खिडकी बंद करून, उघड्या अंगाने, शिशाच्या भांड्यावर वाकून बसत होता. आणि रंग भाजायला त्याच्याकडे आता दुसरा ओव्हन होता. मार्लीनच्या ओट्यावरचा ओव्हन त्यानेच आणला होता. दुकानात जोडीवर सूट होती, ती त्याच्याने सोडवली नाही. एक दाखवला, एक लपवला. दोन्ही हुबेहूब एकसारखे.

पुढच्या तपासणीत शिसं वाढलं. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. "सॉना घेताय ना?" त्यांनी विचारलं. "रोज," व्हर्न म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. बरण्याही वाटल्या जात होत्या. मार्लीनने विचारलं तर म्हणायचा, "जुना साठा आहे." तो साठा काही केल्या संपत नव्हता.

हे सगळं अर्थात मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर गोष्ट इतकी लांबली नसती.

यंदा हिवाळ्याआधी मार्लीनने जुन्या सॉनाचं धुराडं साफ करायला माणूस बोलावला आणि व्हर्नला न्याहारीच्या वेळी सांगितलं. ती वरच्या मजल्यावर जाताच त्याने भांडं गाडीच्या सीटखाली कोंबलं, साचा फडक्यात गुंडाळून सॉनाच्या भिंतीच्या फळ्यांमागे ढकलला आणि ओव्हन घेऊन गॅरेजमध्ये धावला. तिथे एक अर्धं भरलेलं खोकं उघडं होतं. त्यात ओव्हन ठेवला, वर नाताळच्या दिव्यांची जुनी माळ पसरली आणि शीळ घालत बाहेर आला. ते खोकं चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारासाठी भरायला घेतलंय, हे पाहायला तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशी तो मचाणाच्या पायऱ्या ठोकायला रानात गेला होता तेव्हा चर्चची गाडी आली आणि खोकी घेऊन गेली.

बाजाराच्या टेबलावर ते खोकं मीच उघडलं. आत स्वच्छ, घासलेला छोटा ओव्हन. चर्चचा त्याच आठवड्यात जळला होता. मी म्हटलं, हा विकायचा कशाला? उचलला आणि स्वयंपाकघरात ओट्यावर मांडला. रविवारच्या कॉफीला त्यात निसूचे तुकडे भाजले. निसू म्हणजे आमचा वेलदोडा घातलेला गोड पाव. त्याचा वास सभागृहात पोचला आणि त्याच्या मागोमाग दारात व्हर्न.

"लॉइस, हा ओव्हन कुठून आला?"

"तुमच्याच घरून. मार्लीनच्या खोक्यातून."

व्हर्नने दाराची चौकट धरली. "मला तो विकत घ्यायचाय."

"तुझ्या घरी असलाच तर आहे."

"म्हणूनच. जोडी होईल."

"जोडी मोज्यांची असते, ओव्हनची नसते. बाहेर हो."

तो लांबून ओव्हनकडे टक लावून बघत होता. ओव्हनच्या दाराच्या मुठीपाशी एक बारीक लाल डाग होता, तो त्याने हेरला. व्हर्नचं मन त्या क्षणापासून थाऱ्यावर राहिलं नाही. आपल्या हाताने रंगवलेली गोळी मी शंभरांत ओळखीन अशी त्याची बढाई असायची, तर मग स्वतःच्या रंगाचा डाग ओळखणार नाही होय?

त्याने मला खरं सांगून टाकलं असतं, तर ते मार्लीनला कळायला कॉफी निवण्याइतकाही वेळ लागला नसता. असं त्याचं माझ्याबद्दल मत होतं, आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नाही. मार्लीन घरी काहीच बोलत नव्हती. म्हणजे तिने खोक्यात बघितलंच नाही, असं त्याने ठरवलं. जन्मभर जिच्याबरोबर संसार केला तिच्याबद्दल एखादा पुरुष असं ठरवू शकतो, याचं मला आजही नवल वाटतं.

पुढच्या रविवारी तो नवाकोरा मोठा ओव्हन घेऊन आला. "चर्चला देणगी," म्हणाला. "तो जुना द्या टाकून. मी नेतो वाटल्यास."

"टाकून कशाला?" मी म्हटलं. "दोन असलेले बरे. देव तुझं भलं करो, व्हर्न."

त्याच्या तोंडात मारल्यासारखं झालं. मी दोन्ही ओव्हन शेजारी शेजारी लावले.

मग त्याने नवीन मार्ग काढला. कॉफीच्या वेळी तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायला लागला, आणि लहान ओव्हनमधून जे बाहेर येईल ते सगळं स्वतः खायला लागला. ताटली दुसऱ्याच्या हातात पडायच्या आत उचलायचा. पाळकबाई क्रिस्टन एकदा एका तुकड्याला हात घालायला गेल्या तर याने ताटलीच छातीशी धरली.

"व्हर्न, तुम्हाला निसू फारच आवडतो," त्या म्हणाल्या.

"हो," तोंड भरलेला व्हर्न म्हणाला. "मला कुणी करून घालत नाही."

हे ऐकून मार्लीन नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मी मात्र हुरळून गेले आणि दुप्पट भाजायला लागले. आपल्या रक्तात आधीच शिसं आहे, थोडं आणखी गेलं म्हणून काय बिघडलं, गावाच्या पोटात नको जायला, असा त्याचा हिशोब होता. या माणसाला खोटारडा म्हणायचं की हुतात्मा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याचं वजन मात्र वाढलं.

हंगामाच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये शिकाऱ्यांचं जेवण असतं. अख्खं गाव येतं, चौकटीचे शर्ट आणि नारिंगी टोप्या घालून. शिकारीला न जाणारेही टोपी घालतात. मी पेस्ट्या केल्या होत्या, मांस-बटाटा भरलेल्या, आणि मुलांच्या टेबलासाठी लहान बन. बन लहान म्हणून लहान ओव्हनमध्ये गरम केले. ती टोपली मुलांच्या टेबलाकडे निघाली तेव्हा व्हर्न आपल्या जागेवरून अर्धा उठलेला मी पाहिला. इतके बन एका माणसाला खाऊन संपवता येण्यासारखे नव्हते. त्याने मार्लीनकडे पाहिलं. ती काटा-चमचा सरळ करत होती.

पाळकबाईंनी हात जोडले. "चला, प्रार्थना करू या."

"पाळकबाई, थांबा जरा," व्हर्न म्हणाला.

"प्रार्थनेनंतर नाही का चालणार?"

"नाही. प्रार्थनेनंतर मुलं खातील."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याने टोपी काढली, हातात चुरगाळली. 

"ते बन मुलांना देऊ नका," तो म्हणाला. "तो लहान ओव्हन माझा आहे. गोळ्या भाजायचा."

मग टायरवाला ड्वेन घाईने म्हणाला, "भाजायचास, असं म्हणायचंय तुला. पूर्वी. आता सोडलंयस ना तू ते सगळं?"

ड्वेनने त्याला पळवाट दाखवली होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी बन कचऱ्यात गेले असते, मुलं वाचली असती आणि व्हर्नही वाचला असता. मी समोरच होते. ती पळवाट व्हर्नला दिसली, हे मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तो मार्लीनकडे वळला.

"नाही सोडलं," तो म्हणाला. "ओव्हन हातचा जाईपर्यंत एक दिवसही नाही. जुन्या सॉनात करत होतो. सॉना-बिना काही घेत नव्हतो मी, मार्लीन. तुला शब्द दिला आणि रोज तुझ्यादेखत टॉवेल घेऊन जात होतो."

"शिसं कुठलं?" मागून कुणीतरी विचारलं. ड्वेन आपल्या ताटातल्या पेस्टीचं बारकाईने निरीक्षण करायला लागला.

"आणि मग यंदाच्या बरण्या?" आणखी एकजण म्हणाला. "आमच्या नातवाचं दृढीकरण आहे."

पुरुषमंडळी हसली. मला मात्र डोकं फिरणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. "अरे गाढवा," मी म्हटलं, आणि हे चर्चमध्ये म्हटलं, "तीन आठवडे मी त्यात देवाच्या माणसांसाठी पाव भाजतेय, आणि तू खिडकीशी बसून बघतोयस?"

"बघत नव्हतो. खात होतो."

मी टोपली उचलली आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाले. तेवढ्यात मार्लीन उठली.

"लॉइस, बन ठेव खाली. चांगले आहेत ते."

"चांगले कसले?"

"तो ओव्हन माझा आहे. माझ्या ओट्यावरचा. चर्चला खोकं द्यायचं तर मी उघडून बघणार नाही का? नाताळच्या माळेखाली माझ्याच ओव्हनचा जुळा भाऊ निघाला. ट्रेखाली एक जांभळी गोळी अडकली होती. याचा ओव्हन मी काउंटीच्या कचरा केंद्रावर पोचवला आणि खोक्यात माझा ठेवला."

व्हर्नचं तोंड उघडंच राहिलं. "पण तो लाल डाग? मुठीपाशी?"

"बेरीचा जॅम."

"मग आपल्या घरी... मी सकाळी टोस्ट खातो ते?"

"तव्यावरचे. ओव्हनच्या जागी तीन आठवडे बिस्किटांची बरणी आहे. गोळीवरची सुरकुती तुला लांबून दिसते, व्हर्न. परवा म्हणालास, टोस्ट हल्ली छान होतात."

सभागृह इतकं हसलं की पाळकबाईंनी प्रार्थनेचा नाद सोडून दिला. मुलांनी टोपली माझ्या हातातून ओढून घेतली. हसत नव्हती ती फक्त दोन माणसं.

"माहीत होतं तर बोलली का नाहीस?" व्हर्नने हळूच विचारलं.

"तू बोलतोस का ते बघायचं होतं," मार्लीन म्हणाली. "घरातल्या घरात मला फसवतोस, ते एक. गावातल्या पोरांना खायला घालून गप्प बसतोस का, ते मला बघायचं होतं. आज गप्प बसला असतास तर मी दुसरं काहीच विचारणार नव्हते. गाडीत बॅग भरून ठेवलीय."

ती कोट घालून बाहेर निघाली आणि तो कोट न घालताच तिच्यामागे. मी त्याचा कोट घेऊन गेले. कोट हे निमित्त होतं, हे तुम्ही ओळखलंच असेल.

बाहेर बर्फ पडायला लागला होता. मार्लीनने गाडीचं मागचं दार उघडलं. आत ती मोठी तपकिरी बॅग.

"जाऊ नकोस," व्हर्न म्हणाला. "मार्लीन, ऐक माझं. तुझी बहीण दुलूथला असते, तिच्याकडे किती दिवस राहशील? मी सगळं तळ्यात फेकतो. आत्ता जाऊन फेकतो. तू नको जाऊस."

"मी कशाला जाऊ?" मार्लीन म्हणाली. "घर माझ्या वडिलांनी बांधलंय. बॅग तुझी आहे."

त्याला ते कळायला वेळ लागला. मग त्याने हात पुढे करून बॅगेची चेन ओढली. वर लोकरीचे मोजे होते, रफू केलेले. आतले गरम कपडे. त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या बांधलेल्या. त्याची उशी, कारण दुसऱ्या उशीवर त्याची मान धरते. त्याच्या रानातल्या शिकारीच्या झोपडीच्या किल्ल्या. आणि तळाशी चौकटीच्या शर्टात गुंडाळलेलं काहीतरी जड. त्याने शर्ट सोडला. आत त्याच्या वडिलांचा साचा होता, काळ्या मुठींचा. ओव्हन गेल्यापासून तो जुन्या सॉनाकडे फिरकलाच नव्हता, त्यामुळे साचा जागेवर नाही हेही त्याला ठाऊक नव्हतं.

"हा कशाला ठेवलास?" त्याने विचारलं.

मार्लीन त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तिकडे रानात एकटा काय करणार होतास तू?"

व्हर्न गाडीच्या मागच्या दारात बसला आणि रडला. मलाही रडू आलं, आणि त्या दोघांचा रागही आला. हेच शब्द हिने आधी बोलायचे होते, ह्याने आधी ऐकायचे होते, आणि माझ्या ओव्हनला मध्ये आणायचं काही कारण नव्हतं. मी कोट त्याच्या खांद्यांवर टाकला.

थोड्या वेळाने त्याने साचा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "तू ठेव."

"कुठे ठेवू?"

"मला सापडणार नाही अशा ठिकाणी."

मार्लीनने थोडा विचार केला. "मग ओट्यावरच ठेवते, ओव्हन होता तिथे," ती म्हणाली आणि बॅगेची चेन लावली.